मराठवाड्यात नवे आहात? आधी 'पोट' शिका

बदली होऊन, शिकायला म्हणून किंवा लग्न होऊन मराठवाड्यात आलेल्या आणि मराठी नव्याने शिकणाऱ्या माणसांसाठी हे लिहितो आहे. तलाठी कार्यालय, बँक, प्राथमिक आरोग्य केंद्र, शाळा, मोंढा (म्हणजे धान्याचा बाजार) यांपैकी कुठेही तुमचा इथल्या माणसांशी संबंध येणार असेल, तर 'कसे आहात' आणि 'किती रुपये' यांच्या लगोलग 'पोट' हा शब्द शिकून घ्या. इथला माणूस भूक, भीती, माया, हेवा, गुपित, गर्भ, रोजगार आणि जमिनीचा हिस्सा एवढं सगळं या एका शब्दाच्या आधाराने बोलतो. शब्दकोशात पोट म्हणजे उदर. तेवढ्यावर थांबलात तर समोरच्याचं निम्मं बोलणं डोक्यावरून जाईल.

पहिली पायरी : शब्दापेक्षा त्याच्या शेपटाकडे लक्ष द्या

पोट नपुंसकलिंगी आहे. ते पोट, ती पोटं. प्रत्यय लागला की 'पोटा' होतं : पोटाला, पोटात, पोटावर, पोटाशी. अर्थ ठरतो तो या प्रत्ययावर आणि पुढच्या क्रियापदावर. 'पोटाला घालणं' म्हणजे खाऊ घालणं. 'लेकराच्या पोटाला काही घातलं का?' असं आजी विचारते तेव्हा ती जेवणाबद्दल बोलत असते. 'पोटात घालणं' म्हणजे क्षमा करणं. 'चुकलं असेल तर पोटात घाला' हे लग्नात मुलीकडचे लोक हात जोडून म्हणतात. क्रियापद तेच, पण 'ला'च्या जागी 'त' आला आणि भाकरीवरून बोलणं माफीवर गेलं.

'पोटाशी धरणं' म्हणजे मायेने जवळ घेणं आणि 'पोटाशी असणं' म्हणजे गरोदर असणं. 'पोटावर पाय देणं' म्हणजे कुणाचा रोजगार हिरावणं. 'पोटचा' म्हणजे स्वतःला झालेला : पोटचा मुलगा, पोटची लेक. याच्याशी 'पाठचा' मिसळू नका. पाठचा भाऊ म्हणजे आपल्यानंतर जन्मलेला, धाकटा. शाळेत प्रवेशाच्या वेळी एखादी बाई 'ही माझी पोटची आणि हा माझ्या जावेचा, पण पोटच्यासारखाच' असं सांगते, तेव्हा अर्जावर आईचं नाव कुणाचं लिहायचं ते तिने सांगून टाकलेलं असतं.

वहीत शब्द उतरवताना नुसतं 'पोट' लिहू नका. अख्खं वाक्य लिहा, आणि ते कोण कुणाला म्हणालं तेही शेजारी लिहा. या शब्दाच्या बाबतीत दुसरी कुठलीही पद्धत मला उपयोगी वाटत नाही.

दुसरी पायरी : दवाखान्यातलं पोट

इथं जरा थांबू या, कारण इथली गफलत माणसाच्या जिवाशी येते.

मराठवाड्यात, विशेषतः लातूर, नांदेड, धाराशिव भागात, 'दुखत आहे'ऐवजी 'दुखायलंय' ऐकाल. 'पोट दुखायलंय' हे वाक्य नव्या डॉक्टरला दिवसभर ऐकावं लागतं आणि त्यातून फारसं काहीच कळत नाही. पुढचा प्रश्न विचारावाच लागतो. 'मुरडा येतोय का?' म्हणजे कळ येऊन शौचाला जावं लागतंय का. 'पोट बिघडलंय' किंवा 'ढाळ लागलेत' म्हणजे जुलाब. 'पोट साफ होत नाही' म्हणजे बद्धकोष्ठ. 'पोट गच्च झालंय', 'पोट तट्ट फुगलंय' हे गॅसचं बोलणं, पण म्हाताऱ्या माणसाला लघवी अडली तरी तो हेच म्हणतो, म्हणून तेही विचारा. 'पोटात जळजळ' म्हणजे पित्त. 'पोटात आग पडली' म्हणजे मात्र बहुतेक वेळा कडकडून भूक लागली.

बेंबीच्या खालच्या भागाला 'ओटीपोट' म्हणतात. बाईमाणूस पुरुष डॉक्टरपुढे हा शब्दही टाळते आणि पाळीचा त्रास 'पोटात दुखतंय' एवढ्यावर भागवते. 'अडचण आली का', 'महिना चुकला का' असे इथले आडवळणाचे शब्द वापरलेत तर तिला उत्तर देणं सोपं जातं. गरोदरपणालाही सरळ शब्द क्वचितच येतो. 'दिवस गेलेत', 'पोटुशी आहे', 'दोन जिवांची आहे' या सगळ्याचा अर्थ एकच. बाईच्या पोटाकडे बघून आपण होऊन काही विचारू नये. आशाताईला, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेला, बरोबर घ्या, तिला घरोघरची माहिती असते.

'पोटाचं ऑपरेशन झालंय' हे वाक्य आलं की पेन खाली ठेवा आणि नीट विचारा. गावात नुसतं 'ऑपरेशन' म्हटलं तर पुष्कळदा कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया असते. ते सीझरही असू शकतं. आणि 'पिशवी काढली' असेल तर गर्भाशय काढलेलं असतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तिशीतली बाई 'पिशवी काढलीय' असं सहज सांगून जाते, तेव्हा कुठं, कधी आणि कशासाठी काढली हे मायेने विचारून नोंदवून ठेवणं हे तुमचं काम आहे. अंडाशयं राहिली की गेली हेही बाईला कुणी सांगितलेलं नसतं. जुने कागद आणायला सांगा.

औषध देताना 'पोटी' हा प्रत्यय लागतो. 'उपाशीपोटी' किंवा 'अनशापोटी' म्हणजे सकाळी काही खायच्या आधी. 'भरल्यापोटी' म्हणजे जेवणानंतर. म्हाताऱ्या माणसाला 'अनशापोटी' चटकन कळतं. त्यात चहाही बसत नाही, एवढं मात्र वेगळं सांगा. कारण चहा म्हणजे काही खाणं नव्हे, असं अनेकांना मनापासून वाटतं.

आता 'गोळा'. 'पोटऱ्यात गोळे आलेत' म्हणजे पायाच्या पोटऱ्यांना पेटके आलेत. पोटरी म्हणजे गुडघ्याखालचा मागचा मांसल भाग, तिचा उदराशी संबंध नाही. 'पोटात गोळा आला' म्हणजे एकदम भीती वाटली : 'रात्री फोन वाजला आणि पोटात गोळाच आला.' आणि 'पोटात गोळा आहे' असं सांगितलं तर हाताला गाठ लागतेय. 'आला' आणि 'आहे' यांतला फरक कान देऊन ऐका. तपासायच्या टेबलावर तोच फरक महत्त्वाचा असतो.

तिसरी पायरी : शेतातलं पोट

डिसेंबरच्या सुमारास बसमध्ये दोन शेतकऱ्यांचं बोलणं कानावर पडेल : 'ज्वारी पोटऱ्यात आलीय.' कणीस अजून बाहेर पडलेलं नाही, ताटाच्या वरच्या पानाच्या आवरणात भरून फुगलेलं आहे, या अवस्थेला पोटरी म्हणतात. जवळ जाऊन ताट बोटांनी चाचपून बघा. वरच्या पानाखाली ताट जाड झालेलं लागतं आणि आत दडलेलं कणीस जाणवतं. ही अवस्था रब्बी ज्वारीत पेरणीपासून साधारण 50 ते 55 दिवसांनी येते. त्याआधी 28 ते 30 दिवसांनी गर्भावस्था, नंतर 70 ते 75 दिवसांनी फुलोरा आणि 90 ते 95 दिवसांनी दाणे भरणं. संरक्षित पाणी, म्हणजे पाऊस नसताना पीक वाचवायला दिलेलं पाणी, द्यायचं ते या टप्प्यांवर. हाताशी पाणी थोडं असेल तर पोटरीचा टप्पा चुकवू नये, हे इथला शेतकरी जाणतो. म्हणून कृषी खात्यात किंवा पीककर्जाच्या टेबलावर नव्याने आलेल्या माणसाने 'ज्वारी कशी आहे?' असं मोघम विचारण्यापेक्षा 'पोटऱ्यात आली का?' असं विचारलं, तर समोरचा खुर्ची पुढे ओढून बोलायला लागतो.

पाण्याच्या वाटेवरही पोट आहे. पैठणच्या नाथसागरातून, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयातून, दोन कालवे निघतात : डावा 208 किलोमीटरचा आणि उजवा 132 किलोमीटरचा. मुख्य कालव्यातून वितरिका, तिच्यातून लघुवितरिका आणि शेवटी शेताच्या तोंडाशी पाणी नेणारी 'पोटचारी'. आवर्तन सुटलं, म्हणजे कालव्याला ठरलेल्या पाळीचं पाणी सोडलं, तरी पोटचारी गाळाने भरलेली किंवा फुटलेली असेल, तर पाणी टेलपर्यंत, म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेतापर्यंत, पोचत नाही. 'आमची पोटचारी बुजलीय साहेब' हा अर्ज तुमच्या टेबलावर आला, तर सगळ्यात लहान चारीची ती तक्रार आहे, पण शेतकऱ्याचं पीक तिच्यावरच अवलंबून असतं.

निसर्गाच्या बाबतीत पोट म्हणजे आतला भाग, एवढं लक्षात ठेवलं तरी भागतं. जमिनीच्या पोटात पाणी असतं आणि नदीच्या पोटात वाळू. वेरूळची 34 लेणी डोंगराच्या पोटात कोरलेली आहेत.

चौथी पायरी : कागदावरचं पोट

कागदावर पोट सहसा शब्दाच्या सुरुवातीला येतं, आणि तिथं त्याचा अर्थ मोठ्यातला लहान भाग असा होतो. पोटकलम, पोटनियम, पोटजात, पोटभाडेकरू, पोटठेकेदार ही त्याची उदाहरणं. पोटमाळा म्हणजे खोलीतच वरच्या बाजूला काढलेला लहान माळा. लोकप्रतिनिधीची जागा मुदतीआधी रिकामी झाली की होते ती पोटनिवडणूक. हे शब्द एकदा कळले की पुन्हा अडत नाहीत.

सातबारा मात्र नीट वाचायला शिका. गाव नमुना सातमध्ये क्षेत्राच्या रकान्यात 'लागवडीयोग्य क्षेत्र' आणि 'पोटखराब क्षेत्र' वेगळं दाखवलेलं असतं. पोटखराब म्हणजे त्या गटातलाच, पण लागवडीला उपयोगी नसलेला तुकडा. त्याचे दोन वर्ग आहेत. वर्ग 'अ' म्हणजे खडक, नाला, खाण यांमुळे पिकाखाली न येणारी जमीन. वर्ग 'ब' म्हणजे रस्ता, कालवा, तलाव अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली. समजा उताऱ्यावर एकूण क्षेत्र 2 हेक्टर 40 आर आहे आणि पोटखराब 20 आर. मग पिकाचा हिशेब 2 हेक्टर 20 आरचाच धरायचा. नवे बँक अधिकारी एकूण क्षेत्राचा आकडा उचलतात आणि मग शेतकऱ्याला चकरा माराव्या लागतात. उलट बाजूही बघा. वर्ग 'अ'ची जमीन शेतकऱ्याने घाम गाळून, माती टाकून पिकाखाली आणलेली असते आणि कागदावर ती अजून पोटखराबच असते. तशी नोंद दुरुस्त करून घेता येते. हे त्याला समजावून सांगा, तलाठ्याकडे पाठवा. वर्ग 'ब'च्या बाबतीत हा मार्ग नाही.

'पोटहिस्सा' म्हणजे गटाची वाटणी झाल्यावर पडलेला भाग. भावाभावांची वाटणी तोंडी झालेली असते, बांध घातलेला असतो, आणि कागदावर पोटहिस्से पडलेलेच नसतात. हे मराठवाड्यात गावोगाव दिसेल. 'पोटहिस्सा मोजणी' भूमी अभिलेख कार्यालयाकडून होते. हा शब्द ऐकलात की समोरच्या कुटुंबात काहीतरी ताणाचं चाललं असण्याची शक्यता धरा आणि आवाज खाली ठेवून बोला.

'पोटी' हा प्रत्यय हिशेबातही येतो. 'थकबाकीपोटी 5,000 रुपये भरले', 'भाड्यापोटी दिले', 'नुकसानीपोटी मिळाले' यांत 'च्या बदल्यात' किंवा 'च्या खात्यात' असा अर्थ आहे. हाच प्रत्यय भावनेला लागला की कारण सांगतो : भीतीपोटी, रागापोटी, मायेपोटी. आणि माणसांना लागला की जन्म सांगतो. संत नामदेव दामाशेटी आणि गोणाई यांच्या पोटी जन्मले. हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीला गेलात तर हे वाक्य कीर्तनात ऐकायला मिळेल.

'पोटगी'ही इथेच सांगतो. पती सांभाळत नसेल तर पत्नीला, तसंच मुलांना आणि आईवडिलांना निर्वाहासाठी मिळणारी रक्कम म्हणजे पोटगी. 1 जुलै 2024 पासून तिचा अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली होतो. त्याआधी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली होत असे, आणि जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'एकशे पंचवीस'च आहे.

पाचवी पायरी : पोटापाण्याचं बोलणं

नव्या माणसाला इथं पहिल्याच ओळखीत विचारतात : 'पोटापाण्याला काय करता?' हा भोचकपणा नाही. तुमचा उपजीविकेचा आधार काय, एवढंच विचारलंय. 'बँकेत आहे', 'शिकवतो' एवढं सांगा आणि तुम्हीही विचारा.

'हातावर पोट आहे' हे वाक्य मात्र मन लावून ऐका. रोज काम मिळालं तरच चूल पेटते, असा त्याचा अर्थ. दसरा झाला की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला कुटुंबंच्या कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. हजेरीपटावर मूल गैरहजर दिसलं आणि आजी म्हणाली, 'मायबाप पोट भरायला गेलेत', तर नाव लगेच कमी करू नका. मूल त्यांच्याबरोबर गेलंय की गावात आहे, हंगामी वसतिगृहात राहू शकेल का, हे आधी विचारा.

'पोटाला चिमटा घेऊन' म्हणजे स्वतः कमी खाऊन. 'पोटाला चिमटा घेऊन लेकराला लातूरला ठेवलंय' असं सांगणारा बाप शिकवणीची आणि खोलीची फी कशी भरतो हे तुम्हाला सांगतो आहे. त्याच्याशी मुलाच्या गुणांबद्दल बोलताना हे लक्षात असू द्या. वयस्कर माणसं बहात्तरचा दुष्काळ सांगतील. मिलो खाऊन पोट भरलं, माणसांची पोटं खपाटीला गेली होती, खडी फोडायच्या कामावर गेलो, असं ऐकाल. मिलो म्हणजे बाहेरून आलेली लाल ज्वारी. हे बोलणं तोडू नये.

आणि रस्त्यावरची हातगाडी हटवायला गेलात आणि गाडीवाला म्हणाला, 'साहेब, पाठीवर मारा पण पोटावर मारू नका', तर तो हुज्जत घालत नाही. दंड करा पण धंदा बंद करू नका, ही विनंती आहे. नियमात काय बसतं ते तुम्ही ठरवा, पण विनंतीला विनंती म्हणून उत्तर द्या.

सहावी पायरी : मनातलं पोट

मराठी माणूस मनातल्या पुष्कळ गोष्टी पोटात ठेवतो. 'एवढं पोटात ठेवा' म्हणजे कुणाला सांगू नका. 'त्याच्या पोटात काही राहत नाही' हे पारावर ऐकलं तर तो गुपितं फोडतो, आणि दवाखान्यात ऐकलं तर त्याला खाल्लेलं सगळं उलटतंय. 'पोटात एक, ओठात एक' हा खोटेपणावरचा ठपका आहे, तोंडावर कुणाला म्हणू नये. 'पोटतिडकीने बोलणं' म्हणजे आतून कळकळ वाटून बोलणं, ही स्तुती आहे. ग्रामसभेत कुणी पोटतिडकीने बोलत असेल तर मध्ये थांबवू नका.

'पोटात दुखणं'ला हेव्याचा अर्थही आहे. 'माझ्या पोटात दुखायलंय' हे आजारपण. पण 'आम्ही ट्रॅक्टर घेतला तर याच्या पोटात का दुखायलंय?' हा सरळ टोमणा. प्रश्न दुसऱ्याच्या पोटाबद्दल असेल आणि सोबत कुणाच्या भरभराटीची गोष्ट असेल, तर तो हेवा समजा. नव्या माणसाने हा अर्थ ओळखावा, वापरू नये. गावातली भांडणं अशा वाक्यांवर वर्षानुवर्षं टिकतात.

सातवी पायरी : आता तुम्ही बोला

सुरुवात जेवणापासून करा, तिथं चूक झाली तरी कुणी मनावर घेत नाही. लातूर-धाराशिवकडे असाल तर मार्गशीर्ष अमावस्येला, येळवशीला, कुणी ना कुणी शेतात जेवायला नेईलच. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. यजमानीण पुन्हा पुन्हा वाढते. 'नको नको' म्हणून ताटावर हात आडवा धरला तरी ती वाढतच राहते. 'पोटभर जेवलो मावशी, पोट तुडुंब भरलं' असं म्हणा. वयाने थोड्या मोठ्या बाईला मावशी किंवा काकू, म्हाताऱ्या बाईला आजी, आणि पुरुषांना काका, मामा किंवा बाबा म्हणा. उशीर होत असेल आणि भूक लागली असेल तर 'पोटात कावळे ओरडायलेत' हे ओळखीच्या माणसाला बिनधास्त म्हणता येतं. मित्राला 'पोट सुटलंय तुझं' हे चालतं, पण साहेबांना नाही आणि बाईमाणसाला तर मुळीच नाही.

यानंतर 'पोटापाण्याचं कसं चाललंय?' हा प्रश्न घ्या. तो आपुलकीचा आहे, पण ज्याला पहिल्यांदाच भेटताय आणि जो अडचणीत दिसतोय, त्याला एकांतात विचारा. 'पोटात घाला' मात्र सगळ्यात शेवटी वापरायला घ्या. तेही वडीलधाऱ्या माणसाला, आणि खरोखर मोठं चुकलं असेल तेव्हाच. बसमध्ये धक्का लागला तर 'माफ करा काका' पुरे.